चाळीस लाख आणि शंभर रुपये

उत्साही : ४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते नेक्सकार-१९ या उपचाराचं लोकार्पण झालं. भारतात घडलेला हा पहिला कार-टी उपचार. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला आणि तो अजून ओसरलेला नाही. आपल्याकडे औषधं पुष्कळ बनतात, पण बहुतेक दुसऱ्यांनी शोधलेली. पेटंट संपलं की आपण ती कमी खर्चात करतो आणि जगाला पुरवतो. हे काम निराळं आहे. इथं औषध म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी. रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निष्प्रभ केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवा जनुक पोहोचवायचा. त्या जनुकामुळं टी-पेशीच्या अंगावर एक नवं प्रथिन तयार होतं आणि बिघडलेल्या बी-पेशींवरची सीडी-१९ नावाची खूण तिला ओळखू येते. मग या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला शिरेतून परत द्यायच्या. ज्या रक्ताच्या कर्करोगापुढे केमोथेरपीनं हात टेकले, त्यासाठी हा उपचार आहे. आयआयटीचे राहुल पुरवार, टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचे गौरव नरुला आणि हसमुख जैन यांच्या चमूनं हे वर्षानुवर्षं खपून उभं केलं. विषाणू-वाहकसुद्धा बाहेरून आणला नाही, इथंच बनवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत २०१७ साली असा पहिला उपचार बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे आजच्या हिशेबानं चार कोटींच्या घरात. आपल्याकडे चाळीस लाखांच्या आसपास. दहापट स्वस्त.

साशंक : शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतो तो तुमचा शेवटचा शब्द. चार कोटींच्या शेजारी ठेवले की चाळीस लाख स्वस्त दिसतात. पण परळला टाटा मेमोरियलबाहेरच्या फुटपाथवर ताडपत्री टाकून राहणाऱ्या माणसाच्या शेजारी ते ठेवून पाहा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच मिळतं. त्याच्या आठपट रक्कम उभी करायची तर कोरडवाहू जमीन विकूनही भागत नाही. अमेरिकेतली किंमत हे आपलं माप कधीपासून झालं?

आता परिणामांकडे या. २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत या उपचाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेही मी वाचले. परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना उपचार लागू पडला. हे मोठंच यश आहे. मेंदूवरचे दुष्परिणामही परदेशी उपचारांच्या मानानं कमी दिसले. पण त्याच लेखात असंही आहे की आजार पुन्हा उचल खाईपर्यंतचा मध्यम काळ ल्यूकेमियात सुमारे सहा महिने आणि लिम्फोमात सुमारे चार महिने होता. जवळजवळ सगळ्यांच्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या आणि दोन मृत्यू उपचारामुळे झाले. काही जण पुढेही बरे राहिले, हे मला मान्य. तरी जमीन विकणाऱ्या बापाला हे दोन्ही आकडे एकाच श्वासात सांगायला हवेत. वर्तमानपत्रांतून त्याच्या कानावर बहुधा फक्त पहिलाच येतो.

आणि दुसरं. त्याच टाटा मेमोरियलमधून २०२२-२३ मध्ये आणखी एक संशोधन बाहेर आलं. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्या भोवतीनं लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच औषध. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांवर सोळाशे स्त्रियांवर ही चाचणी केली. पाच वर्षांनंतर, ज्यांना नुसती शस्त्रक्रिया झाली त्यांच्यातल्या ८६.४ टक्के हयात होत्या आणि ज्यांना हे इंजेक्शनही मिळालं त्यांच्यातल्या ९०.१ टक्के. खर्च बाईमागे शंभर रुपयांच्या आत. त्याचं लोकार्पण कुठं झालं, मला सांगा.

उत्साही : कुठंच झालं नाही, आणि व्हायला हवं होतं. पण एकाच घरातल्या दोन लेकरांना एकमेकांसमोर उभं करण्यात मला अर्थ दिसत नाही. लिग्नोकेन गाठीच्या शस्त्रक्रियेला आलेल्या बाईसाठी आहे. बावीस वर्षांच्या ज्या मुलाचा ल्यूकेमिया दोनदा उलटून आला आहे, त्याला त्याचा काय उपयोग? त्याच्यापुढे काल दार बंद होतं, आज एक दार किलकिलं झालं आहे. त्याला तुम्ही आकडेवारी ऐकवून परत पाठवणार का?

किमतीचंही तसंच. पहिल्या दिवशीची किंमत शेवटच्या दिवशीची नसते. हिपॅटायटिस-बीची लस आठवा. परदेशी लस मध्यमवर्गालाही परवडत नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती इथं बनवली, मागोमाग इतर कंपन्या उतरल्या आणि काही वर्षांत ती लस सरकारी लसीकरणात जाण्याइतकी उतरली. रक्ताच्या एका कर्करोगावरची इमॅटिनिब गोळी घ्या. मूळ कंपनीच्या गोळीला महिन्याला लाखाच्या वर लागत. इथल्या कंपन्या तीच आठ-दहा हजारांत देत होत्या आणि १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती वाट मोकळी राहिली. या दोन्ही गोष्टी का घडल्या? ते बनवायचं ज्ञान इथं होतं म्हणून. ज्ञान हाताशी नसेल तर किंमत उतरवायची म्हटलं तरी उतरवता येत नाही, दुसऱ्यानं ठरवलेली मोजावी लागते. बंगळुरूच्या इम्युनील कंपनीनं २०२५ च्या सुरुवातीला भारतातला दुसरा कार-टी उपचार आणला. दोनाचे चार होतील, तेव्हा चाळिसाचे वीस होतील.

साशंक : लस आणि गोळी यांचं गणित इथं लागू पडत नाही, आणि माझ्या मते तुमच्या बाजूचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. गोळीचा एक घाणा काढला की त्यात लाखो गोळ्या निघतात. पहिली महाग पडते, पुढच्या जवळजवळ फुकट. कार-टीत एक घाणा म्हणजे एक माणूस. दुसऱ्या माणसासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात: त्याचं रक्त, त्याच्या पेशी, त्यांच्यासाठी निर्जंतुक खोली, त्यांच्या शुद्धतेच्या चाचण्या. एखाद्याच्या पेशी केमोनं इतक्या दमलेल्या असतात की वाढतच नाहीत. मग सगळं वाया. शिवाय किंमत फक्त पिशवीची नसते. पेशी शिरेतून गेल्यावर ताप चढतो, रक्तदाब घसरतो, कधी शुद्ध हरपते. त्यासाठी आयसीयूतली खाट राखून ठेवावी लागते, त्यावरचं टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी ठेवावं लागतं, रात्रपाळीला शिकलेली नर्स लागते. ती नर्स एका ठिकाणी बसली की दुसऱ्या वॉर्डात नसते.

आणि तो बावीस वर्षांचा मुलगा. त्याचा आजार दोनदा का उलटला, हे विचारा ना. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमिया झालेली लहान मुलं श्रीमंत देशांत नेहमीच्या औषधांनी दहातली नऊ वाचतात. ती औषधं जुनी आहेत. व्हिन्क्रिस्टिन तर आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं आणि १९६० च्या दशकापासून वापरात आहे. आपल्याकडे मुलं हरतात ती निदान उशिरा होतं म्हणून, मधेच जंतुसंसर्ग होतो म्हणून, आणि दोन-अडीच वर्षं उपचार चालवायला मुंबईत राहणं परवडत नाही म्हणून. बाप गावी परततो, सहा महिने औषध चुकतं, मग आजार उलटतो. पहिल्या दारात ज्याला आपण सांभाळलं नाही, त्याच्यासाठी दुसरं दार बांधून त्यावर चाळीस लाखांची पाटी लावायची, याला मी प्रगती म्हणू शकत नाही.

उत्साही : हे तुम्ही फार खरं बोललात आणि त्यावर माझ्याकडे झटपट उत्तर नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. पहिलं दार दुरुस्त होईपर्यंत दुसरं बांधायचंच नाही, असं ठरवलं तर या देशात काहीच बांधलं जाणार नाही. पहिलं दार कायम दुरुस्तीलाच निघालेलं असतं. आणि व्यवस्थित उपचार घेऊनही ज्यांचा आजार उलटतो ती माणसंही आहेत. श्रीमंत देशातही दहातलं ते एक मूल उरतंच. एमिली व्हाइटहेड ही अशीच एक मुलगी होती. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात तिला या पेशी दिल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. उपचारानंतर तिची तब्येत इतकी ढासळली की ती जाणार असंच वाटत होतं. टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली आणि पुढे मोठी झाली. हे औषध या कामी येतं, हे जगाला तिच्या खाटेपाशीच कळलं.

एका घाण्यातून एकच माणूस, हे आजचं खरं आहे. पण संशोधन तिथंच थांबलेलं नाही. दात्याच्या पेशींपासून आधीच तयार करून ठेवायच्या पेशींवर काम चालू आहे. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, जनुक थेट शरीरातल्या टी-पेशींपर्यंत पोहोचवायचा, यावरही माणसांमध्ये चाचण्या सुरू झाल्या आहेत. ते साधलं तर निर्जंतुक खोलीच्या खर्चाचा मोठा भाग गळून पडेल. जर्मनीत एर्लांगेनला ल्यूपससारख्या आजारात हेच तंत्र वापरलं आणि रुग्ण औषधांशिवाय राहू लागले. उद्या हे सगळं आपल्याला हवं असेल तर आज हे ज्ञान असलेली माणसं इथं असायला हवीत.

आता मला तुमच्यावरच एक शंका उलटवू द्या. तुम्ही माझे आकडे बारकाईनं तपासलेत. लिग्नोकेनचे तितकेच तपासलेत का? चाचणी एक, देश एक, रुग्णालयांचा समूह एक. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं दिलेल्या इंजेक्शननं पाच वर्षांनंतरच्या मृत्यूंत फरक पडतो, हे ऐकून जगातले कित्येक तज्ज्ञ अजूनही मान डोलवायला तयार नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींमधले सोडियमचे मार्ग बंद राहिल्यानं त्या पसरत नाहीत, हे स्पष्टीकरण पटण्याजोगं आहे, पण ते सिद्ध झालेलं नाही. गरिबाच्या बाजूचं संशोधन म्हणून त्याला सूट देणार असाल तर तुमचा संशय एकाच डोळ्यानं बघतो.

साशंक : मान्य. मी त्याला सूट दिली. ही चाचणी दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी पुन्हा व्हायलाच हवी. पण आता पुढचा प्रश्न विचारू या: ती करणार कोण? लिग्नोकेन १९४० च्या दशकातलं. त्याचं पेटंट संपून जमाना झाला. सोळाशे बायकांचा पाच-सहा वर्षं माग ठेवायला कोट्यवधी रुपये लागतात. ती चाचणी यशस्वी झाल्यानं कुठल्याच कंपनीच्या तिजोरीत रुपया पडणार नाही. नव्या औषधावर एक चाचणी झाली की पाच वर्षांत दहा होतात, कारण प्रत्येकीमागं कुणीतरी विक्रेता उभा असतो. जुन्या औषधावरच्या चाचणीला वारसच नाही. मग आपण म्हणतो, पुरावा एकच आहे, थांबू या. तो पुरावा दुबळा का राहिला, हे आपण विचारत नाही.

असंच दुसरं उदाहरण. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध देतात, नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. आपल्याकडे शंभरातल्या तीन जणांनाही ते परवडत नाही, आणि हे कर्करोग तर आपल्याकडेच अधिक. तंबाखू, गुटखा, मिश्री. टाटामधल्या विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला: एवढी मात्रा खरंच लागते का? शरीरातल्या ज्या ठिकाणाला हे औषध चिकटतं ती जागा फार थोड्या औषधानंही भरते, हे ठाऊक होतंच. त्यांनी तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिलं, जोडीला स्वस्त गोळ्या. वर्षभरानं हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हा प्रश्न औषध विकणारा कधीच विचारणार नाही. वीस मिलिग्रॅमनं भागतं हे सिद्ध करून त्याला काय मिळेल?

उत्साही : हे संशोधन मीही मानतो. पण त्यातला काटा तुम्ही हळूच बाजूला सारलात. त्या चाचणीत छोट्या मात्रेची तुलना नुसत्या गोळ्यांशी केली होती. पूर्ण मात्रेशी केलीच नव्हती. म्हणजे 'काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळणं बरं' एवढंच सिद्ध झालं. 'थोडं हे पुऱ्याइतकंच चांगलं' हे झालं नाही. आता मला प्रामाणिकपणे सांगा. तुमच्या भावाला हा आजार झाला आणि पैसे हाताशी असले, तर तुम्ही वीस मिलिग्रॅमवर थांबाल का?

साशंक : नाही थांबणार.

उत्साही : मीही नाही. म्हणूनच मला भीती वाटते. 'गरिबांसाठीचं संशोधन' म्हणता म्हणता आपण गरिबांसाठी एक वेगळं, आखूड वैद्यकशास्त्र शिवून ठेवतो की काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांतली ती मोठी चाचणी घ्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ४ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करायची. १९९८ पासून दीड लाख स्त्रिया. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन त्यांनीच तपासलं. २०१३ मध्ये सुरेंद्र शास्त्री यांनी शिकागोला निष्कर्ष मांडले: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. टाळ्या मिळाल्या. पण दुसऱ्या गटातल्या हजारो स्त्रियांना ती तपासणी दिलीच नव्हती, फक्त आरोग्याची माहिती दिली होती. तपासणीनं कर्करोग लवकर सापडतो, हे जगाला तेव्हाही ठाऊक होतं. त्या गटात अधिक स्त्रिया मेल्या, म्हणून तर ३१ टक्के हा आकडा काढता आला. यावर जगभर आक्षेप घेतले गेले. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या बायकांना कुणी अशा गटात ठेवलं असतं का? तुमच्या शंभर रुपयांच्या संशोधनावरही कर्ज आहे, ते पैशात दिसत नाही एवढंच.

साशंक : या आक्षेपापुढे मी मान खाली घालते. चाचणी करणारे म्हणाले की त्या वस्त्यांमध्ये नाहीतरी कुठलीच तपासणी होत नव्हती, म्हणून आम्ही कुणाकडून काही हिरावून घेतलं नाही. हा युक्तिवाद कागदावर चालतो. मला तो झोप लागू देत नाही, कारण 'नाहीतरी काही नव्हतं' ही परिस्थिती कुणीतरी तयार केलेली असते.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. तिच्या स्तनात गाठ होती. तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी दीड वर्ष मलमं आणि गोळ्या दिल्या. सुई घालून तपासणी करा असं कुणी म्हटलं नाही आणि तिनंही लाजेपोटी घरात सांगितलं नाही. परळला आणली तेव्हा गाठ फुटून वाहत होती. लिग्नोकेनचा प्रश्नच उरला नव्हता, शस्त्रक्रियेचाही नव्हता. तिच्यासाठी संशोधन कमी पडलं नाही. जे माहीत होतं ते तिच्यापर्यंत चालत आलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल काढा, २०१९-२१ चा. देशातल्या ३० ते ४९ वर्षांच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तपासणी झालेली नव्हती. प्रमाण १.९ टक्के. स्तनांच्या तपासणीचं ०.९. ज्या मुंबईतल्या बायकांच्या जिवावर तो ३१ टक्क्यांचा आकडा मिळाला, त्यांच्याच देशात तो मिळाल्यावर इतकी वर्षं झाली तरी ही स्थिती. त्या कर्जाचं व्याजसुद्धा आपण फेडलेलं नाही.

उत्साही : थांबा. आत्ता तुम्ही जे बोललात त्यानं माझंही मत हललं आणि तुमचंही हलायला हवं. आपण इतका वेळ किमतीवर भांडतो आहोत. तुमचं म्हणणं असं की चाळीस लाखांचं पोहोचणार नाही, शंभर रुपयांचं पोहोचेल. पण शंभर रुपयांचं पोहोचलं नाही! ॲसिटिक ॲसिडला तर काहीच खर्च नाही, तेही पोहोचलं नाही. उलट नेक्सकार-१९ परवानगीनंतर थोड्याच महिन्यांत कित्येक शहरांतल्या रुग्णालयांपर्यंत गेलं. का? त्याच्यामागं एक कंपनी आहे, तिची माणसं आहेत, डॉक्टरांना शिकवणारी, पेशी शीतपेटीतून नेणारी, रुग्णालयाशी करार करणारी. महाग वस्तूला वाहक मिळतो. स्वस्त वस्तू फळीवरच पडून राहते. म्हणजे अडचण किमतीची नाही, वाहून नेणाऱ्याची आहे.

साशंक : किमतीचीही आहे. पण तुमचं बरंचसं मला पटतं, आणि मी इतकी वर्षं याकडे या बाजूनं पाहिलं नव्हतं. स्वस्तपणामुळंच ती वस्तू अनाथ होते. शंभर रुपयांच्या इंजेक्शनची जाहिरात कोण करणार, त्यासाठी परिषद कोण भरवणार, जिल्ह्याच्या सर्जनला कोण सांगायला जाणार? मग वाहक सरकारनं व्हायला हवं. अशा वाहकाचा एक नमुना आपल्याकडे आहेही. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ मध्ये सुरू झालं, आज त्यात तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. त्यातल्या काही केंद्रांनी मिळून चाळीस औषधांची एकत्र खरेदी केली आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक पैसे वाचवले. जे खरेदीत जमलं ते उपचारपद्धतीत का जमू नये? ग्रिडमधल्या प्रत्येक केंद्रात लिग्नोकेन द्यायचं, नोंद ठेवायची, आणि तुम्हाला हवा तो दुसरा पुरावाही तिथूनच उभा करायचा.

पण मग मी तुमच्या बाजूलाही एक अट घालते. कार-टीच्या संशोधनात सार्वजनिक पैसा आहे. आयआयटी जनतेची, टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाचं, बायोटेक्नॉलॉजी विभागाचं अर्थसाहाय्य. पहिल्या टप्प्यातली जोखीम आपण सगळ्यांनी उचलली. तर किमतीत आपला वाटा कुठं आहे? करार करतानाच लिहून ठेवायला हवं होतं की इतक्या टक्के खाटा योजनेतून, इतक्या वर्षांनी किंमत इतकी.

उत्साही : लिहायला हवं, हे तत्त्वानं मान्य. व्यवहारात मला धाकधूक वाटते. आपल्याकडे अशा कंपन्यांत पैसा घालायला अजून फार थोडे लोक तयार होतात. पहिल्याच कंपनीला बेड्या घातल्या तर दुसरी जन्मणार नाही आणि मग आपण पुन्हा चार कोटींच्या दारात उभे. अट किती घट्ट बांधायची म्हणजे माणूसही वाचेल आणि संशोधनही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

साशंक : माझ्याकडेही नाही. आणि तो बावीस वर्षांचा मुलगा समोर बसला असेल तर मी त्याला तुमच्याकडेच पाठवीन, हेही कबूल करते. तुम्ही त्याच्या बापाला दोन्ही आकडे सांगाल, एवढं वचन द्या.

उत्साही : सांगेन. ७३ टक्केही सांगेन, सहा महिनेही सांगेन आणि ते दोन मृत्यूही. पण तुम्हीही लिग्नोकेनबद्दल सांगताना 'एकच चाचणी' हे शब्द गाळू नका.

साशंक : गाळणार नाही. धोरण बदलायला वर्षं लागतील, करार लिहायला त्याहून जास्त. पण ज्यांच्या घरात या महिन्यात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांना तेवढी वर्षं नाहीत. त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना एवढंच विचारावं: गाठीभोवती लिग्नोकेन देण्याची ती भारतातली चाचणी आपण वाचली आहे का, आणि आमच्या बाबतीत तसं करता येईल का? ते हो म्हणतील, किंवा का नको हे सांगतील. दोन्ही उत्तरं ऐकून घ्या. बाहेरून काही आणावं लागणार नाही. लिग्नोकेन ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर आधीपासूनच ठेवलेलं असतं.